पटावरचं नाव

जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचं नाव देशभर गेलं. तेरा वर्षांच्या एका मुलीचा बेकायदा गर्भपात झाल्याची तक्रार आली, आणि तपासात एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या बायोगॅसच्या खड्ड्यातून ११ कवट्या आणि ५४ हाडं निघाली. ज्याच्यापासून दिवस गेले तो मुलगाही अल्पवयीन होता. त्याच्या घरच्यांनी मुलीच्या आईवडिलांना धमकावून गर्भपात करवून घेतला, असा पोलिसांचा आरोप होता. त्या आठवड्यात कवट्या मोजल्या गेल्या, रुग्णालयाचे परवाने तपासले गेले, औषधांच्या नोंदी चाळल्या गेल्या. ती मुलगी कोणत्या वर्गात होती आणि पुन्हा वर्गात बसली का, हा प्रश्न मात्र माझ्या वाचनात कुठं आला नाही. तिची ओळख लपवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण तिची ओळख लपवताना तिचं शिक्षणही नजरेआड झालं, याची बोच मला आजही आहे.

म्हणून पुढचा संवाद. तो त्या मुलीविषयी नाही. त्यातले दोघेही मी रचलेले आहेत आणि ज्या मुलीबद्दल ते बोलतात तीही कल्पित आहे. एक आर्वी तालुक्यातल्या अनुदानित शाळेचे मुख्याध्यापक. दुसऱ्या, बाल कल्याण समितीनं पॉक्सोच्या प्रकरणात मुलीसोबत नेमलेल्या साहाय्यक व्यक्ती, ज्यांना सगळे ताई म्हणतात. मुलगी पंधरा वर्षांची आहे. नववी अर्धी सुटली, शाळेनं मागच्या चाचण्यांवर तिला दहावीत चढवलं. आता तिचं बाळ सहा महिन्यांचं आहे आणि प्रकरण वर्ध्याच्या बाल न्याय मंडळापुढं चालू आहे. टेबलावर शाळा सोडल्याचा दाखला तयार आहे. सही तेवढी राहिली आहे.

सर – ताई, दाखल्याचा अर्ज तिच्या वडिलांनीच दिलाय. मी मागितला नव्हता. पोरीला मामाकडे ठेवतो म्हणाले. बापाला मी नाही कसं म्हणू?

ताई – नाही म्हणू नका. पोरीला विचारलं का, एवढं तरी विचारा. मी विचारलंय. तिला मामाकडे जायचं नाही, दहावी इथंच करायची आहे. बाप दाखला का मागतो माहीत आहे? तुमच्या शाळेतल्या कुणीतरी त्याला म्हटलं, ‘आता तिचं कसं जमायचं?’ आणि घरी आजी म्हणते, ‘लेकरू मांडीवर आलं, आता शाळा कायले?’ दोन्हीकडून एकच ऐकलं त्यानं.

सर – मग माझीही बाजू ऐका. उन्हाळ्यात आमचे शिक्षक एकेक मूल मिळवायला गावोगाव फिरतात. उद्या चार पालक आले आणि म्हणाले, ‘ती वर्गात असेल तर आमच्या मुली काढून घेतो’, तर पट घसरतो. पट घसरला की तुकडी जाते. तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन कुठल्या कुठं होतं. मी हिशेब मांडत नाही ताई, तो आपोआप समोर येतो.

ताई – तिचं नाव कमी करून बाकीचा पट वाचवायचा, असा तो हिशेब आहे. आणि ते पालक आले का?

सर – अजून नाही.

ताई – मग न आलेल्या पालकांसाठी आलेल्या मुलीला का घालवता?

या ठिकाणी सरांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. अनुदानित शाळेतला मुख्याध्यापक दरवर्षी संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून ठरणाऱ्या शिक्षकपदांच्या, आकड्यांवर जगतो. त्याची भीती खरी आहे. पण ती सोसायला शाळेतलं सगळ्यात दुबळं माणूस पुढं केलं जातं, तेही न बोलता, ‘तिच्याच भल्यासाठी’ म्हणून.

सर – कायदा काय सांगतो तेवढं सांगा. मी त्याबाहेर नाही.

ताई – तिथंच अडचण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सोळावं कलम म्हणतं, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येणार नाही. ते आठवीपर्यंत. ही नववीतून दहावीत गेलेली. हिला ते कवच नाही.

सर – म्हणजे माझी सही बेकायदा नाही.

ताई – नाही. म्हणून तर मी तुमच्यापुढं बसलेय, नाहीतर शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले असते.

हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्यातून मोठी फट दिसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली सर्वेक्षणावेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. हा दुसरा आकडा देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी चौदाला संपते, आणि या मुलींची वर्षं तिथूनच सुरू होतात.

सर – मी रस्ता बंद करत नाही. सतरा नंबरचा फॉर्म आहे. घरी बसून अभ्यास करेल, मार्चमध्ये परीक्षेला बसेल. बोर्ड तेच, पेपर तोच. कुणाची नजर नाही, कुणाचा टोमणा नाही.

ताई – सतरा नंबर चांगलाच आहे, ज्यांची शाळा खरंच सुटली त्यांच्यासाठी. पण तो भरायला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे आधी शाळा सोडायची, मग परीक्षेची परवानगी मागायची. शिवाय घरी बसून म्हणजे कुठं बसून सर? दोन खोल्या, बाळ, आजी, धाकटा भाऊ. बीजगणित तिला कोण शिकवणार? शाळेत आली तर दिवसातले चार तास ती कुणाची आई नसते, कुणाच्या खटल्यातली पीडित नसते. पोरीला तेच हवंय. माझ्याजवळ बोलून दाखवलं तिनं.

सर – आणि टोमणे? मागं एक मुलगी परत आली होती. लग्न लावून दिलेलं, मोडलेलं. पहिल्याच दिवशी फळ्यावर कुणीतरी घाण लिहिलं. आठवड्याभरात ती यायची थांबली. तुम्ही आणून सोडाल ताई. नंतरचं रोज आम्हाला बघावं लागतं.

ताई – फळ्यावर ज्यांनी लिहिलं त्यांचं काय केलं?

सर – समज दिली.

ताई – मुलांना समज आणि मुलीला दाखला.

(सर काही वेळ बोलत नाहीत.)

सर – आता त्या मुलाचं विचारा. ज्याच्यामुळे हे झालं तोही कुठल्यातरी शाळेत असेल.

ताई – आहे. सतरा वर्षांचा आहे, बारावीत. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं आहे. त्याच्या कॉलेजनं त्याचा दाखला तयार केलेला नाही. करूही नये, माझं तेच म्हणणं आहे. बाल न्याय कायदा म्हणतो, त्या वयातल्या गुन्ह्याचा डाग त्याला सहसा पुढं आयुष्यभर बाधू नये. जबाबदारी घ्यावी, सुधारावं, शिकावं. मुलासाठी कायद्यानं एवढा विचार केला. मुलीला मात्र ‘मामाकडे जा’.

सर – माझा एक आक्षेप अजून आहे, तो पट-तुकडीचा नाही. शाळेनं हे सहज घेतलं तर बाकीच्या मुलींना काय कळेल? काही झालं तरी शाळा सांभाळून घेते, असंच ना?

ताई – बाकीच्या मुली आत्ता काय शिकतात ते सांगू? कुणी हात लावला, कुणी फसवलं, मासिक पाळी चुकली, तरी तोंड उघडायचं नाही. कारण बोललेल्या मुलीची शाळा जाते. आर्वीत जे घडलं त्याच्या मुळाशी हीच भीती नाही का? मुलीच्या बाजूनं कायदा होता. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला. अल्पवयीन आणि अत्याचारित मुलींना पालकांच्या संमतीनं, मान्यताप्राप्त ठिकाणी २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्ह्यात सेवाग्रामचं मोठं रुग्णालय आहे. तरी लोक चोरवाटेनं गेले.

सर – लोकलाज.

ताई – लाज, आणि धमकी. पण लाजेला घर कोण देतं? शाळाही देते.

मला सरांचा हा आक्षेप सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण चांगली माणसं तो मनापासून घेतात. जगातही तो घेतला गेला. सिएरा लिओनमध्ये २०१५ मध्ये गरोदर मुलींना नेहमीच्या शाळेत यायला बंदी झाली, इतर मुली ‘बिघडतील’ म्हणून. त्यांच्यासाठी वेगळी केंद्रं काढली, तिथं विषय कमी आणि दिवसही कमी. पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये बंदी आणि वेगळी केंद्रं, दोन्ही भेदभावाची ठरवली. मार्च २०२० मध्ये बंदी उठली. टांझानियानं असाच निर्बंध नोव्हेंबर २०२१ मध्ये मागं घेतला. आपल्याकडे बंदीचा आदेश कुणी काढलेला नाही. आपल्याकडे बापाच्या हातून अर्ज येतो आणि काम होऊन जातं.

ताई – सर, तुमच्या कार्यालयात आनंदीबाई जोशींचा फोटो आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण. बाळ दहा दिवसांत गेलं. त्यानंतर त्या शिकल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. महाराष्ट्राच्या पहिल्या डॉक्टर बाई अल्पवयीन आई होत्या. आपण फोटोला हार घालतो आणि तशाच मुलीला दाखला देतो.

सर – फोटो मीच लावलाय, म्हणून सांगतो. त्यांच्यामागं पती गोपाळराव हट्टानं उभे होते. आणि एक कडू गोष्ट विचारू? बाळ जगलं असतं तर आनंदीबाई १८८३ मध्ये बोटीत बसल्या असत्या? तुमच्या मुलीचं बाळ जिवंत आहे. ते सहा महिन्यांचं आहे, त्याला दूध लागतं. तुम्ही मला शाळेचं सांगता, बाळाचं कोण बघणार हे सांगत नाही.

सरांनी हा प्रश्न काढला नसता तर हा लेख अपुरा राहिला असता. मुलीच्या शिक्षणाची भाषणं बहुधा बाळाच्या उंबऱ्यापर्यंतच येतात. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा त्यांनी आई आणि बाळ या दोघांचाही विचार एकाच छपराखाली केला. तिथं एका विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत पुढं डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसोबत रोग्यांची सेवा करत होता.

ताई – सांगते. बाळ सोपवण्याचा पर्याय तिला समितीनं समजावला होता. विचार बदलायला दोन महिने मिळतात तेही सांगितलं. तिनं बाळ ठेवायचं ठरवलं. आता पैशाचं. अत्याचारामुळे गरोदर राहिलेल्या अल्पवयीन मुलींसाठी केंद्राची निर्भया निधीतली योजना २०२३ पासून आहे. मिशन वात्सल्यमधून महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. राज्याच्या मनोधैर्य योजनेत भरपाई आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून.

सर – मिळाले?

ताई – मनोधैर्यचा पहिला हप्ता आला. महिन्याचे पैसे फायलीत आहेत.

सर – आणि दिवसभर बाळाला कोण ठेवणार? तिची आजी रोजानं जाते. जूनमध्ये पेरणी, मग निंदण, दिवाळीपासून कापसाची वेचाई. त्यात आमची सराव परीक्षा जानेवारीत. अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या बाळाला बसवून घेत नाहीत.

ताई – पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची तरतूद आहे, सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी. आपल्या गावात ते सुरू नाही. मी अर्ज केलाय.

सर – अर्जावर बाळ झोपत नाही ताई.

ताई – नाही झोपत.

सर – मग मी सांगतो ते ऐका. दहावीचं वेळापत्रक माझ्या हातात आहे. गणित, विज्ञान, इंग्रजी मधल्या सुटीच्या आत लावतो. ती अकराला येईल, दीडला जाईल. तेवढ्यासाठी आजीला उशिरा कामावर जावं लागेल, किंवा तिच्या आईला. घरच्यांशी ते तुम्ही बोला. उरलेले विषय ती घरी करेल, आमच्या मराठीच्या बाई वह्या तपासून देतील. हजेरी कमी पडली तर वैद्यकीय कागद जोडून नागपूरच्या विभागीय मंडळाकडे सूट मागू. आणि कोर्टाच्या तारखा मला आधी कळवा. वर्ध्याला जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो, त्या दिवशी चाचणी ठेवणार नाही.

ताई – आणि हा दाखला?

सर – वडिलांना उद्या बोलावतो. मुलीलाही. तिच्यासमोर विचारतो. ती राहते म्हणाली तर हा कागद रद्द.

ताई इथं आनंदून उठतील असं वाटलं होतं. त्या उठल्या नाहीत.

ताई – टोमण्यांचं राहिलं. सखी सावित्री समिती आहे ना तुमच्याकडे?

सर – मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार आहे. दर्शनी भागात नावांचा फलक लावलाय.

ताई – शेवटची बैठक कधी झाली?

सर – कागदावर दर महिन्याला होते. तुमच्यापासून लपवत नाही.

ताई – मग एक खरी घ्या. अंगणवाडीताई, पोलीस पाटील, पालक सगळे तिच्यात आहेत. मुलीचं नाव काढायचं नाही, प्रकरणाचा उल्लेख नाही. कुणी कुणाला चिडवलं तर काय कारवाई होईल एवढंच ठरवून वर्गावर्गात सांगायचं. या वेळी समज पुरे नाही.

सर – आणि तिच्याबद्दल शाळेत किती जणांना कळवायचं? मी म्हणतो सगळ्या शिक्षकांना. नाहीतर कुणीतरी भर वर्गात विचारेल, इतके दिवस कुठं होतीस?

ताई – मी म्हणते दोघांना. तुम्ही आणि वर्गशिक्षिका. बाकीच्यांना एवढंच सांगा की तिला गैरहजेरीबद्दल विचारायचं नाही.

सर – खेड्यात ते आधीच सगळ्यांना माहीत असतं.

ताई – लोकांना माहीत असणं वेगळं, शाळेनं सांगणं वेगळं. शाळेनं सांगितलं की ती तिची ओळख होऊन बसते.

यावर त्यांचं एकमत झालं नाही. मी ताईंच्या बाजूनं आहे, पण सरांच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. एखादा नवा शिक्षक अजाणता विचारून जाईल, ही भीती वर्गात उभं राहिलेल्यालाच कळते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगालमधल्या अशाच एका मुलीच्या प्रकरणात निकाल दिला. चौदाव्या वर्षी ती मोठ्या माणसाबरोबर गेली, तिला मूल झालं, तो पुढं दोषी ठरला. समाजानं, कुटुंबानं आणि न्यायव्यवस्थेनं तिला साथ दिली नाही, असं न्यायालयानं मान्य केलं. दहावीपर्यंतच्या, आणि तिची इच्छा असेल तर पदवीपर्यंतच्याही, शिक्षणाचा खर्च राज्यानं करावा असा आदेश दिला. आदेश मोलाचा आहे. पण तो आला तेव्हा घटनेला सात वर्षं होऊन गेली होती. शाळेचं वय कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाही, म्हणून पहिला निर्णय मुख्याध्यापकाच्या खुर्चीतच व्हायला हवा.

सर – एक सांगा ताई. पुढची मुलगी माझ्यापर्यंत लवकर पोचावी, पाचव्या-सातव्या महिन्यात नाही, दुसऱ्या महिन्यात, असं वाटतं मला. पण ती मला सांगेल कशी? पॉक्सोच्या एकोणिसाव्या कलमानं मला पोलिसांना कळवावंच लागतं. नाही कळवलं तर एकविसाव्या कलमानं मीच आरोपी. मुलींना हे माहीत झालंय. ‘सरांना सांगितलं की पोलीस येतात’, असं बोलतात त्या.

ताई – डॉक्टरांना थोडी मोकळीक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर तिनं आणि पालकांनी विनंती केल्यावर पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही.

सर – शिक्षकांना ती नाही.

ताई – नाही. आणि मी तुम्हाला लपवा असं म्हणणार नाही. आर्वीत लपवण्यानंच काय झालं ते आपण पाहिलं.

सर – मग मुलींना काय सांगू? गुप्त ठेवीन असं म्हणालो तर खोटं बोललो. पोलिसांना कळवीन म्हणालो तर कुणी येणार नाही.

ताई – दोन्ही सांगा. ‘मला सांगितलंस तर मला कळवावं लागेल. पण तू एकटी जाणार नाहीस, बाई सोबत येतील, आणि काहीही झालं तरी या शाळेच्या पटावरून तुझं नाव कमी होणार नाही.’

सर – पहिलं वाक्य ऐकून पुढचं ऐकायला कुणी थांबेल?

ताई – सगळ्या थांबणार नाहीत. पण आज ते पुढचं वाक्य कुठल्याच शाळेत बोललं जात नाही.

सर – शिक्षक सभेत मांडतो. ‘नाव कमी होणार नाही’ हे संस्थेच्या मंजुरीशिवाय मला म्हणता येणार नाही. शाळा समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. विरोध होईल.

ताई – मला बोलवा.

सर – बोलावतो. पण ते पट-तुकडीचं तुम्हाला तिथं पुन्हा ऐकावं लागेल, माझ्यापेक्षा कडक भाषेत.

ताई – ऐकेन. तुम्ही वडिलांना उद्या किती वाजता बोलावताय?

सर – दुपारी तीनला. मजुरीवर खाडा नको त्यांचा, अर्ध्या दिवसानं येतील. मुलीला तुम्ही घेऊन या. आणि बाळालाही आणा, त्याला कोण ठेवणार दुपारी.